पेट्रोल वर कसे चढले? जुन्या मोटारींचा इंधनपंप, त्याची दुरुस्ती आणि कोल्हापूर

१/
विजयादशमीची संध्याकाळ. कोल्हापूरच्या दसरा चौकात शमीपूजनासाठी माणसांची दाटी झालेली असते. सोने लुटण्याच्या या सोहळ्याला छत्रपती घराण्याची जुनी मायबाख मोटार येते, तेव्हा लहानथोर सारे टाचा उंचावून तिच्याकडे पाहतात. ज्या जर्मन कारखान्यात ती घडली, त्याचे मूळ मोटार-उत्पादन दुसऱ्या महायुद्धात थांबले. अशा वयाची यंत्रे आजही स्वतःच्या बळावर रस्त्यावर उतरतात, हे नवल खरे. त्या नवलाचा मोठा वाटा एका मुठीएवढ्या भागाकडे जातो. तो भाग म्हणजे इंधनपंप. हा धागा त्याच्या इतिहासाचा.

२/
आरंभ मायबाख या नावापासूनच होतो. विल्हेल्म मायबाख हे गोटलीब डाइमलर यांचे सहकारी. १८९३ मध्ये त्यांनी फवाऱ्याचा कार्ब्युरेटर सिद्ध केला. इंजिन हवा ओढते, त्या हवेच्या वेगाने बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडतो आणि दोहोंचे मिश्रण सिलिंडरमध्ये जाऊन पेटते. पुढे १९०९ मध्ये विल्हेल्म आणि त्यांचे पुत्र कार्ल यांनी झेपेलिन या हवाई जहाजांची इंजिने बनवण्यासाठी स्वतंत्र कंपनी उभी केली. पहिल्या महायुद्धानंतर तीच कंपनी मोटारींकडे वळली.

३/
या कार्ब्युरेटरची एक अट होती. त्याच्या लहानशा कुंडीत पेट्रोलची पातळी कायम एकसारखी राहायला हवी. ती सांभाळण्यासाठी कुंडीत फ्लोट तरंगतो. पातळी वाढली की तो वर येऊन सुईसारखी झडप मिटवतो. पेट्रोल कमी पडले तर इंजिन उपाशी राहून आचके देते, जास्त झाले तर ओसंडून तापलेल्या इंजिनावर सांडते. तेव्हा टाकीतले पेट्रोल कुंडीपर्यंत पोहोचवायचे, पण फार जोराने नाही, हा मोटारीच्या बालपणातला एक अवघड प्रश्न होता.

४/
पहिले उत्तर सोपे होते: टाकी वर, इंजिन खाली. उरलेले काम गुरुत्वाकर्षण करील. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत हीच रचना होती. बरीच वर्षे तिची टाकी पुढच्या आसनाखाली असे. पण तीव्र चढावर गाडीचे नाक वर गेले आणि टाकीत पेट्रोल कमी असले, की टाकी कार्ब्युरेटरच्या खाली जाई आणि इंजिन बंद पडे. यावर चालकांनी शोधलेला उपाय प्रसिद्ध आहे. ते गाडी फिरवून चढ उलट्या गिअरमध्ये चढत.

५/
आंबा, करूळ किंवा फोंडा घाट पाहिलेल्या कोल्हापूरकराला या अडचणीचे मर्म लगेच उमगेल. कोकणातून देशावर चढणारी गाडी उलटी हाकत आणणे ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे. त्यातच वेगवान गाड्यांचा बांधा बदलत होता. बॉनेट लांब, बसण्याची जागा खाली, टाकी मागे आणि जमिनीलगत. चालकाच्या पायाशी पेट्रोल नसावे, हा सुरक्षेचा विचारही त्यात होताच. टाकी मागे गेली तसे गुरुत्वाकर्षण कामातून गेले. पेट्रोल आता ढकलावे तरी लागणार होते किंवा ओढावे तरी.

६/
ढकलण्याचा मार्ग आधी आला. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टसारख्या गाड्यांत टाकी हवाबंद करून तिच्यात दाब भरत. निघण्यापूर्वी हातपंपाने हवा भरायची आणि दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची. टाकीचे झाकण नीट बसले नाही, तर दाब गळून गाडी वाटेत थांबे.

मग ओढण्याचा मार्ग आला. इंजिन चालताना त्याच्या नळीत निर्वात शोषण तयार होते. त्या शोषणाने मागचे पेट्रोल बॉनेटखालच्या एका लहान टाकीत ओढायचे आणि तिथून ते उताराने कार्ब्युरेटरमध्ये सोडायचे. ब्रिटनमध्ये हे उपकरण ‘ऑटोव्हॅक’ या नावाने ओळखले जाई. १९२० च्या दशकातल्या बेंटली गाड्यांवर ते दिसते.

७/
ऑटोव्हॅकचा दोषही चढावरच उघडा पडे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की नळीतले शोषण जवळजवळ नाहीसे होते. म्हणजे इंजिनाला पेट्रोलची सर्वाधिक गरज असते, नेमकी तेव्हाच लहान टाकी भरणे थांबते. लांबलचक घाटात ती रिकामी होई. क्षणभर पाय उचलावा, शोषण परत येऊ द्यावे, मग पुन्हा चढावे, अशी कसरत चालकाला करावी लागे. शर्यतीच्या गाडीला हे परवडणारे नव्हते.

८/
१९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत यांत्रिक पडदा-पंप रुळला. त्याचे तत्त्व आजही एखाद्या जुन्या पद्मिनीचे बॉनेट उघडून समजून घेता येते. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा एका दांडीला हलवतो. दांडी लवचिक पडदा खाली ओढते आणि पेट्रोल आत येते. मग पडद्याखालची स्प्रिंग त्याला वर ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. दोन लहान झडपा त्याला उलटे वाहू देत नाहीत.

९/
यातली खरी हुशारी स्प्रिंगमध्ये आहे. दांडी पडदा फक्त ओढते. ढकलण्याचे काम स्प्रिंगचे. त्यामुळे पेट्रोलचा दाब इंजिनाच्या वेगावर अवलंबून न राहता स्प्रिंगच्या ताकदीवर ठरतो. कुंडी भरून झडप मिटली की पडदा खालीच थांबतो आणि दांडी नुसती हलत राहते. कुंडी रिकामी होऊ लागली की पडदा पुन्हा वर सरकतो. कोणतेही विजेचे नियंत्रण नसताना हा पंप हवे तेवढेच पेट्रोल देतो. दाब साधारणपणे प्रति चौरस इंच दोन ते चार पाउंड, इतका हळुवार.

१०/
इंग्लंडमध्ये दुसरी वाट निघाली आणि तिची सुरुवात चर्मोद्योगाशी नाते असलेल्या घरातली आहे. जॉर्ज हर्बर्ट स्किनर हे ‘लिली अँड स्किनर’ या पादत्राणांच्या व्यवसायातल्या कुटुंबातले. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बनवलेल्या कार्ब्युरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता होता. कोल्हापुरी चपलेच्या गावाला हे ऐकून गंमत वाटावी. ‘स्किनर्स युनियन’ या नावाची आद्याक्षरे म्हणजेच एस.यू. १९२६ मध्ये ही कंपनी विल्यम मॉरिस यांच्याकडे गेली आणि १९३० च्या दशकात तिचे विजेवर चालणारे इंधनपंप ब्रिटिश गाड्यांवर सर्रास दिसू लागले.

११/
एस.यू. पंपात पडदा ओढण्याचे काम विद्युतचुंबक करतो. पडदा पूर्ण ओढला गेला की खटका पडून प्रवाह तुटतो, स्प्रिंग पेट्रोल ढकलते, पडदा परतला की खटका पुन्हा जुळतो. याचा टिक-टिक आवाज गाडीत ऐकू येतो. चावी फिरवल्यावर टिकटिक जलद सुरू होऊन मंदावत थांबली, तर कुंडी भरली आणि सारे ठीक. ती थांबलीच नाही, तर टाकी रिकामी आहे किंवा नळीत हवा शिरते आहे. एम.जी. टीसी आणि जॅग्वार एक्सके १२० या युद्धोत्तर स्पोर्ट्स कार याच टिकटिकीवर धावल्या. खटका अडकला तर बुटाच्या टाचेने पंपाला एक ठोसा देणे, हा जगभरच्या मालकांचा आवडता उपचार. घराणे पादत्राणांचे असल्याने तो शोभूनही दिसे.

१२/
१९५४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये मर्सिडीज ३०० एसएल लोकांसमोर आली, तेव्हा पंपाची भूमिकाच बदलली. चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाच्या उत्पादन-मोटारीत थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारी ही पहिली गाडी. कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी बॉशचा यांत्रिक इंजेक्शन पंप आला. जर्मन लढाऊ विमानांच्या इंजिनांवर आणि डिझेल पंपांवर कमावलेले कौशल्य त्यामागे होते. पण चावी बंद केल्यावर इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल फवारतच राही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करी. म्हणून या गाडीचे ऑइल वारंवार बदलावे लागे.

१३/
प्रगतीची रेषा सरळ नव्हती, हे १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपने दाखवले. तिच्या सुरुवातीच्या ३.८ लिटर गाड्यांत लुकासचा विजेचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडवून बसवला होता. पंप टाकीत असणे ही आजची सर्वमान्य पद्धत आहे. जॅग्वारने मात्र पुढच्या ४.२ लिटर गाडीत पुन्हा टाकीबाहेरचा एस.यू. पंप घेतला. आज अशी जुनी ई-टाइप दुरुस्त करणाऱ्यासमोर पेच उभा राहतो. कारखान्याने स्वतःच सोडून दिलेली रचना जपायची, की कारखान्याचीच नंतरची रचना स्वीकारायची?

१४/
भारतात या पेचाला वेगळे वळण मिळाले. १९५३ नंतरच्या धोरणाने परदेशी मोटारींची केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांची वाट बंद झाली. आयात जवळजवळ आटली. संस्थानिकांच्या, वकिलांच्या, बागायतदारांच्या दारातल्या परदेशी गाड्या मात्र तिथेच होत्या. पडदा फाटला तर लंडनहून किंवा डेट्रॉइटहून नवा मागवणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. ‘बदलणे’ हा पर्यायच उरला नाही तेव्हा दुरुस्ती ही विद्या झाली. उन्हाळ्यात पंप तापून पेट्रोलची वाफ अडली की त्यावर ओले फडके ठेवणे, हे त्या विद्येचे सर्वांना ठाऊक असलेले पहिले पान.

१५/
कोल्हापूर या विद्येला तयारच होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याआधीपासून इथे लेथ, भट्टी आणि ओतकामाची परंपरा होती. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच चित्रपटाचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. शिवाजी उद्यमनगरात म्हादबा मेस्त्रींसारख्या स्वयंशिक्षित कारागिरांचे नाव आजही आदराने घेतले जाते. शेतीपंप, ऑइल इंजिन आणि उसाचा चरक यांच्या सुट्या भागांवर ही वसाहत वाढली. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून मोटार उद्योगाला ओतीव भाग जाऊ लागले.

१६/
यांत्रिक पंप दुरुस्त करण्याची रीत पाहिली, की ही विद्या कशी असते ते कळते. खोलण्यापूर्वी वरच्या आणि खालच्या भागावर सुईने एक तिरकी रेघ ओढून घ्यायची; नाहीतर जोडताना नळ्यांची तोंडे भलतीकडे जातात. मग पडदा प्रकाशासमोर धरून तडे पाहायचे. पंपाच्या अंगाला एक बारीक छिद्र असते. तिथे पेट्रोलचा ओलावा दिसला तर पडदा फाटल्याची ती खूण. तीच गळती इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरली तर बेअरिंगांचा नाश ठरलेला.

१७/
वर्षानुवर्षे स्क्रू आवळून पंपाच्या कडा वाकलेल्या असतात. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर ती कड आठाच्या आकड्यासारखी फिरवत पुन्हा समतल करायची. शेवटची पायरी सर्वांत नाजूक. स्क्रू आवळताना दांडी पूर्ण दाबून धरायची, म्हणजे पडदा शेवटपर्यंत ताणलेला असतानाच पकडला जातो. तसे केले नाही तर नवा पडदा पहिल्याच दिवशी ताण खाऊन लवकर फाटतो. एस.यू. पंपात आणखी एक कसब लागते. पडदा आत फिरवत नेऊन खटका पडेनासा झाला, की ठरलेली छिद्रे मोजून तो मागे घ्यायचा. हात आणि कान दोन्ही शिकलेले हवेत.

१८/
याउलट बदलणे सोपे दिसते. बाजारातला आधुनिक विजेचा पंप लावला की काम झाले, असे वाटते. मात्र इंजेक्शनच्या गाडीचा पंप प्रति चौरस इंच सुमारे चाळीस ते साठ पाउंड दाब देतो. कार्ब्युरेटरची सुई दोन-चार पाउंडांसाठी घडलेली. ती या दाबापुढे टिकत नाही, कुंडी ओसंडते आणि पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर पडते. म्हणून पर्यायी पंप निवडताना आकाराआधी दाब पाहावा लागतो. अपघातात इंजिन थांबले तर विजेचा पंपही थांबेल, अशी व्यवस्था करावी लागते. यांत्रिक पंपाला ती उपजतच असते.

१९/
गेल्या काही वर्षांत या कथेत ऊस आला. मळीपासून बनवलेला अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळण्याची कल्पना नवी नाही. त्यासाठीचा पॉवर अल्कोहोल कायदा १९४८ चा आहे. २००३ मध्ये पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. २०२२ च्या जूनमध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला. २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये ते देशभर रूढ झाले. साखर कारखान्यांच्या कोल्हापूर जिल्ह्याला या इथेनॉलने नवी कमाई दिली. उसाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या मुलखात त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

२०/
जुन्या पंपाला मात्र हे पाहुणेपण जड जाते. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे बसते आणि जस्ताच्या मिश्रधातूचे पंप, पत्र्याची टाकी यांना कुरतडू लागते. जुन्या रबराचे पडदे आणि नळ्या फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. बुचाच्या फ्लोटवरचा लाखेचा लेप इथेनॉलमध्ये विरघळतो. टाकीत अनेक वर्षे साचलेला चिकट थर सुटून पंपाच्या झडपांत अडकतो. वर्षातून दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीत पेट्रोल महिनोन् महिने पडून राहते, म्हणून तिला धोका अधिक.

२१/
उपाय रसायनशास्त्रानेच दिला. १९५७ मध्ये ड्युपाँट कंपनीने व्हिटॉन या नावाने फ्लोरिनयुक्त रबर बाजारात आणले. इंधन, ऑइल आणि उष्णता यांना ते साध्या रबरापेक्षा कितीतरी चांगले तोंड देते. आज जाणकार दुरुस्तीत पंपाचे मूळ ओतीव अंग, दांडी आणि काचेची वाटी तशीच ठेवतात. पडदा, झडपांची बैठक आणि नळ्या मात्र इथेनॉल सोसणाऱ्या द्रव्याच्या घालतात. काही एस.यू. पंपांत खटक्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक भाग बसवतात. बाहेरचे टोपण जुनेच, टिकटिकही तीच.

२२/
मग ही गाडी ‘मूळ’ राहिली का? जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची तोरिनो सनद यावर मार्गदर्शन करते. बदल शक्य तितका कमी असावा, तो पुन्हा काढून टाकता यावा आणि त्याची नोंद असावी, असा तिचा रोख आहे. भारतात २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ ही वेगळी नोंदणी मालिका आणली. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले, मूळ स्वरूपातले वाहनच त्यात बसते. फाटलेला पडदा बदलणे आणि इंजिनाची रचना बदलणे यांतला फरक इथे कायद्यालाही महत्त्वाचा आहे.

२३/
इतिहासाचे उत्तर असे की इंधनपंप कधीच कायमचा नव्हता. पडदा झिजण्यासाठीच होता. १९३० मधल्या मालकानेही तो बदललाच. इंधन बदलले तसे पडद्याचे द्रव्यही बदलले. म्हणून नवा पडदा घातल्याने गाडीचा इतिहास पुसला जात नाही. तो पुसला जातो मूळ पंप भंगारात गेल्याने. एकदा ते ओतीव अंग वितळले, की त्यावरचे कारखान्याचे चिन्ह, कुण्या मेस्त्रीने ओढलेली जुनी रेघ, एखाद्या लेथवर भरून काढलेली पिन, हे सारे त्यासोबत जाते. नवीन पंप लावावाच लागला, तरी जुना पंप चिठ्ठी बांधून गाडीसोबत ठेवणे आणि काय, कधी, का बदलले ते वहीत लिहिणे, एवढे कोणालाही करता येते.

२४/
पण वहीत सारेच लिहिता येत नाही. दांडी किती दाबून धरायची, टिकटिक कोणत्या लयीत मंदावली म्हणजे निश्चिंत व्हायचे, हे हातातून हातात आणि कानातून कानात जाते. असे हात असलेली पिढी आता म्हातारी होत आहे, आणि नव्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये हे काम शिकायला मिळत नाही. दर दसऱ्याला चौकात येणारी मोटार सर्वांना दिसते. तशा गाड्या चालत्या ठेवणारे ज्ञान ज्या मेस्त्रींकडे आहे, त्यांच्या बाकाशेजारी बसून एखादी दुपार ते टिपून घेणे, हे कोल्हापुरातल्या तरुण इतिहासप्रेमींच्या हातचे काम आहे.

#धागा #कोल्हापूर #इतिहास #जुन्या_मोटारी